मधला थांबा

"विमान पोचतं हो, मी मागाहून येते."

सासूबाईंचं हे ठरलेलं वाक्य होतं. विमानतळाच्या काचेच्या दारातून त्या बाहेर यायच्या, लेक त्यांच्या गळ्यात पडून म्हणायची, "पोचलीस गं बाई एकदाची!" आणि त्या तिची पाठ थोपटत हे सांगायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई चहाचा कप पुढे करून विचारायचा, "काय आई, पोचलात का?" त्या खिडकीतून जरा वेळ खाली रस्त्याकडे बघायच्या, जणू स्वतःच येताना दिसतात का ते पाहतायत, आणि म्हणायच्या, "नाही हो जावईबापू. अजून वाटेतच आहे. परवापर्यंत येईन बहुतेक."

मग सगळं घर हसायचं. नात तर दप्तर टाकून विचारायची, "आजी, आता कुठपर्यंत आलीस?" आणि आजी सांगायची, "आत्ताच समुद्र ओलांडला. पाय ओले झालेत बघ."

हसण्यासारखंच होतं ते. पण काही वाक्यं हसण्याच्या फडक्यात बांधून दिलेली असतात, आणि गाठ सोडून आत काय आहे ते बघायला कुणाला सवड नसते. या घरात तर सवड हा शब्द फक्त कॅलेंडरच्या लाल तारखांना लावायचे.

जावई शहरबस चालवायचा. उजाडायच्या आत डेपोत हजर व्हायचं आणि दुपारी लाकडासारखी झालेली पाठ घेऊन घरी यायचं, हा त्याचा शिरस्ता. त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभी असायची. ती घरी आली की आधी चपला काढायची, मग तोंडातून शब्द काढायची. नात शाळेतून यायची ती या दोघांच्या मधल्या रिकाम्या वेळात. तो रिकामा वेळ अर्धं वर्ष सासूबाई भरून काढायच्या. उरलेलं अर्धं वर्ष त्या धाकट्याकडे असायच्या.

धाकटा म्हणजे त्यांचा मुलगा. तो दुसऱ्या टोकाच्या शहरात मोठ्या शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याची बायको नर्स होती, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. घरात दोन लहान मुलं. तिथली कहाणीही इथल्यासारखीच, फक्त घड्याळ उलटं. इथं दिवे लागायचे तेव्हा तिकडे दूध तापायचं.

अशा या दोन घरांत सासूबाईंनी आपलं वर्ष अगदी मधोमध कापून वाटलं होतं. कुणाकडे चार दिवस जास्त नाहीत, कुणाकडे कमी नाहीत. लोक म्हणायचे, बाईच्या पायाला भिंगरी आहे. पण ती भिंगरी हौसेची नव्हती, हिशेबी होती, आणि तो हिशेब त्या कुठं शिकल्या हे जावयाला ठाऊक होतं.

सासूबाईंनी उभं आयुष्य मोज्यांच्या कारखान्यात काढलं होतं. यंत्रातून मोजे सुटे पडायचे, एकेकटे, ढिगानं. दोन मोजे हातावर चढवायचे, टाचेला टाच लावायची, बोटांशी ताणून बघायचे. लांबी एक, रंग एक, वीण एक असेल तरच जोडी. नसेल तर दोन्ही बाजूला आणि पुन्हा शोध. मुलं शाळेत असतानाच नवरा गेला होता, आणि या कामावर त्यांनी दोन्ही मुलं मोठी केली. "माझी दोन पोरंसुद्धा मी तशीच बघते," त्या एकदा जावयाला म्हणाल्या होत्या. "एकाला ताणलं की दुसऱ्याला ताणून बघायचं. एक लांब, एक आखूड झालं की घालणाऱ्याला कळत नाही काय होतंय, पण दिवसभर पाय कुरकुरतो."

त्यांनी लावलेल्या जोड्यांत चूक निघाली असं कारखान्यात कधी झालं नाही. हे त्या सांगायच्या नाहीत. लेक सांगायची, आणि सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची.

तर या दोन शहरांच्या मधे तिसरं एक शहर होतं. ते सासूबाईंचं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या, गॅलरीत लोखंडी खुर्ची, समोर बंद पडलेल्या कारखान्याची लांबलचक भिंत. पूर्वी इकडून तिकडे जायचं तर विमान त्याच शहरात बदलावं लागायचं. मुलांच्या लेखी ती विमान बदलायची जागा होती. सासूबाई त्यांना म्हणायच्या, "लगेचच्या विमानात फार धावपळ होते रे, पुढचं तिकीट आठवड्यानंतरचं काढा." मुलं काढायची. तो आठवडा कधी दहा दिवसांचा व्हायचा, कधी पंधरा. कुणी फारसं विचारायचं नाही. आई दमते, आई थांबते, एवढंच.

जावयानं ते घर एकदाच पाहिलं होतं, लग्नानंतर. त्याच्या लक्षात राहिला होता तिथला नळ. बरेच दिवस बंद राहिलेला नळ सोडला की आधी खोकायचा, मग तांबूस पाणी यायचं, आणि सासूबाई धारेखाली बोटं धरून उभ्या राहायच्या. पाणी नितळ होईपर्यंत त्या हलायच्या नाहीत. शेजारीण दारातून ओरडायची, "आलीस का गं?" आणि त्या म्हणायच्या, "आले."

गेल्या वर्षी थेट विमान सुरू झालं.

बातमी धाकट्यानं दिली, फोनच्या पडद्यावर, तोंड भरून हसत. इकडे लेकीनं लगेच मोबाइलवर शोधून मोठ्यांदा वाचलं, "बारा हजार किलोमीटर! साडेपंधरा तास! कुठंही न थांबता! आई, ऐकतेस ना? आता सामान दोनदा उचलायला नको, त्या मधल्या विमानतळावर पाय तुडवायला नको."

"बारा हजार म्हणजे," जावई डोळे मिटून म्हणाला, "माझी बस रोज चालते तशी चालली, तर अडीच महिन्यांत पोचू. आई, डबा बांधून घ्या, मी सोडतो."

"चालेल की," सासूबाई म्हणाल्या. "तेवढ्या वेळात मी खरंच पोचेन. बसबरोबरच."

पुन्हा सगळे हसले. मग धाकट्यानं विचारलं, "काय आई, आहेस ना खूश?" आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं." कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशीही त्या घरी येऊन एवढंच म्हणाल्या होत्या, असं लेकीनं जावयाला कधीतरी सांगितलं होतं. पण त्या वेळी त्याला ते आठवलं नाही. आनंदाच्या गडबडीत असलं काही आठवत नाही.

एकदा त्या थेट गेल्या, एकदा थेट आल्या. आणि या दुसऱ्या खेपेला आल्या त्या काही पोचेचनात.

पहिले चार दिवस जावयानं विचारलं, "पोचलात का?" "अजून नाही." आठवडा गेला, "अजून नाही." पुढे पुढे खेळ शिळा झाला. नातीनं विचारणं सोडलं, मग जावयानंही सोडलं. सासूबाई कामं सगळी करायच्या. नातीची वेणी घालायच्या, भांडी पुसायच्या, लेकीसाठी गरम पाण्याची पिशवी भरून ठेवायच्या. पण विहिरीत सोडलेली बादली वर ओढताना जशी कडेकडेला आपटत येते, तसा त्यांचा दिवस यायचा. बोलता बोलता त्या मधेच थांबायच्या. इथल्या खिडकीला "गॅलरीचं दार" म्हणायच्या. एकदा नातीला धाकट्याच्या मुलीच्या नावानं हाक मारली आणि स्वतःच दचकल्या. लेक म्हणायची, "वय झालं आईचं." वय म्हटलं की पुढचं काही बघावं लागत नाही.

एका सकाळी डेपोत जावई बूट काढून पाय मोकळे करत बाकावर बसला होता. त्याचा कंडक्टर, मोठा टवाळ माणूस, चहाचा ग्लास घेऊन समोर आला आणि खालीच बघत राहिला.

"काय हो ड्रायव्हरसाहेब, दोन पाय दोन घरचे का?"

जावयानं खाली बघितलं. एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात गडद निळा. बाकावरचे सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "बायकोनं अंधारात दिले असतील." कंडक्टर म्हणाला, "नाही नाही, यांच्या सासूबाई आल्यात. जावयाचे लाड वेगळे असतात."

जावईही हसला. मग त्यानं दोन्ही पाय पुन्हा बुटांत घातले. मोज्यांच्या जोड्या घरात सासूबाईच लावायच्या. आल्या दिवसापासून त्यांचं ते राखीव काम होतं, लेकीनं हात लावलेला खपायचा नाही.

घरी आल्यावर त्यानं कपाटाचा खण ओढला. सगळे मोजे नीट गुंडाळलेले होते, कडा दुमडून, तशाच सुबक गोळ्या. त्यानं एक उलगडली. नातीचा एक मोजा आणि तिच्या आईचा एक. दुसरी उलगडली, एक फाटका, एक नवा. पुढची उलगडायचा त्याला धीर झाला नाही. त्यानं खण हलकेच लोटला आणि मूग गिळून बसला.

त्याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला. पुढच्या महिन्याचं तिकीट काढून झालं होतं, थेट विमानाचं. आणि आणखी एक गोष्ट.

"आई, त्या घराचं काय करायचं? आता तिथं उतरायचं कारणच उरलं नाही. शेजारच्या काकूंचा भाचा घर शोधतोय. देऊन टाकू या त्याला भाड्यानं. बंद घर खराब होतं, आणि तुझ्या डोक्याला ताप."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

"बघू नको गं. त्याला सांगायचंय. निघायच्या आधी तेवढं हो म्हण, म्हणजे काकू किल्ली देऊन टाकतील."

"बरं."

लेकीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "खरंच आहे त्याचं. कशाला उगाच." सासूबाईंनी चष्म्याचं घर उघडलं, चष्मा आत ठेवला, बंद केलं. चष्म्याच्या त्या घरात, चष्म्याखाली, मधल्या शहरातल्या खोल्यांची किल्ली असायची, हे जावयाला माहीत होतं. चष्मा ठेवताना रोज किणकिण वाजायची ती.

त्याला बोलायचं होतं. पण बायकोच्या माहेरच्या गोष्टीत जावयानं तोंड घालू नये, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. शिवाय बोलणार काय? आईंनी मोज्यांच्या जोड्या चुकवल्या म्हणून घर देऊ नका? लोक वेड्यात काढतील.

पुढे एका संध्याकाळी जेवताना विषय निघाला बसचा. वरून हुकूम आला होता की त्याचा मार्ग आता जलद करायचा. मधले काही थांबे रद्द. त्यात जुन्या दवाखान्यासमोरचाही गेला.

"लोकांना कळत नाही हो," जावई घास हातात धरून सांगत होता. "पाटी काढली, तरी उभे राहतात. हात करतात. एक चष्मेवाला म्हातारा आहे, तो आत बसलेला असतो. दवाखाना आला की उठतो आणि ओरडतो, 'थांबा! थांबा!' कंडक्टर म्हणतो, 'आजोबा, थांबा गेला आता.' तर म्हातारा म्हणतो, 'गेला कुठं? हा काय इथंच आहे.'"

नात खो खो हसली. लेकही हसली. सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग तो उतरतो कुठं?"

"पुढच्या थांब्यावर. आणि तेवढं अंतर उलटा चालत येतो."

"रोज?"

"रोज."

"आणि तुम्ही थांबत नाही?"

"नियम आहे आई. लोकांची सात-आठ मिनिटं वाचतात."

सासूबाईंनी नातीच्या पानात थोडी भाजी वाढली. मग म्हणाल्या, "त्यानं कुणाकडे मागितली होती ती मिनिटं?"

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. वाढून झाल्यावर भांड्यावर झाकण ठेवावं तसं म्हणाल्या. पण जावयाच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यापाशी म्हातारा उठून ओरडला तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर गेला. जेमतेम दार उघडण्यापुरती बस थांबली. कंडक्टर म्हणाला, "काय झालं?" तो म्हणाला, "इंजिन कुरकुरतंय." म्हातारा काठी सावरत उतरला. आभार मानले नाहीत त्यानं. का मानावेत? तो आपल्या जागी उतरला होता.

त्या दुपारी जावई घरी आला तेव्हा सासूबाई पलंगावर बसून मोजेच लावत होत्या. ढीग समोर, खिडकीतून येणारं ऊन त्यावर. तो समोर बसला, बूट काढले, पाय पुढे केले. आज एक करडा होता, एक तपकिरी. खणातून निघाले तसेच त्यानं मुद्दाम घातले होते.

सासूबाईंनी बघितलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी दोन्ही पायांच्या टाचा बोटांनी चाचपल्या, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की जावयाला आपल्याच कानफटात मारावीशी वाटली.

"हे मी लावलेत?"

"हो. पण त्याचं काही नाही, आई."

"किती दिवस?"

"असू द्या हो."

त्यांनी मांडीवरचा मोजा हातावर चढवला, बोटं आत पसरली, आणि त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशा बघत राहिल्या. कितीतरी वेळ. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं, त्याचा आवाज निवेपर्यंत.

"आई," जावई म्हणाला, "एक विचारू? तुम्ही पोचता कुठं?"

त्यांनी हसून टाळायचा प्रयत्न केला, पण हसू काही आलं नाही.

"नळाचं पाणी साफ व्हायचं ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा पोचायची मी. मग दोन दिवस झोपायची. मग खुर्चीत बसायची. काही करायची नाही हो, खरंच. शेजारीण म्हणायची, 'बाई, भिंत काय बघतेस?' पण ती भिंत बघता बघता इकडचं सगळं इकडे ठेवलं जायचं. नातीचं बोलणं, लेकीचे सुजलेले पाय, तुमची पाठ. सगळं घडी घालून. मग हात रिकामे झाले की तिकडे जायची. आता इकडचं उचललेलं तसंच तिकडे नेऊन टाकते, तिकडचं इकडे. जोडी लागतच नाही कशाची."

"बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पोरं म्हणतात, आईचे तास वाचवले. कुणी एवढं प्रेमानं काही दिलं तर नको कसं म्हणायचं?" त्या थांबल्या. "येताना समोर पडदा असतो ना विमानात. त्यावर छोटं विमान सरकत असतं. आमच्या गावाचा ठिपका आला. नाव लिहिलं होतं. मी पर्स मांडीवर घेतली, जावईबापू. पट्टा सोडला. उतरायचं असल्यासारखी बसले. ती पोरगी आली आणि म्हणाली, 'बाई, अजून अर्धं अंतर जायचंय.'"

ऊन सरकत ढिगावरून जमिनीवर उतरलं.

"तिकीट बदलता येतं," शेवटी तो म्हणाला. "पण ते तुम्ही मागायला हवं. मी मागितलं तर जावयाची ढवळाढवळ होईल."

"धाकट्याच्या बायकोनं सगळ्या पाळ्या माझ्या येण्यावर लावल्यात."

"हो."

"आणि लेकीला वाटेल, आईला आमच्याकडे त्रास झाला."

"वाटेल."

"तुम्ही धीर देताय की घाबरवताय?"

"मी बस चालवतो, आई. थांबायचं असेल तर प्रवाशानं आधी सांगावं लागतं, एवढंच मला ठाऊक आहे."

सुट्टीच्या दिवशी फोन लागला. पडद्यावर धाकटा, त्याच्या मागं सून एका हातानं केस बांधत, कडेवर पोरगं. इकडे लेक, नात, आणि दाराला टेकून जावई. धाकट्यानं सुरुवात केली, "आई, मग त्या भाच्याला काय सांगू?"

सासूबाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मला थांबायचंय."

लेकीचा चेहरा फुलला. "अगं, मग थांब ना! मी कधीची म्हणतेय, इथली हवा मानवते तुला."

तिकडे धाकट्याचा चेहरा पडला. "म्हणजे तिकडेच थांबणार? आणि आम्ही काय करायचं? ताई, हे तू भरवलंस का तिला?"

"मी काय भरवलं? तिला वाटतंय राहावंसं!"

"दर वेळी तुझंच—"

"ए, माझंच काय रे दर वेळी?"

लहानपणी भांडत असतील तसेच दोघं भांडायला लागले, मधे समुद्र आहे हे विसरून. सून म्हणाली, "आई, माझ्या पाळ्या ठरल्यात हो, आता कोण बदलून देणार?" पोरगं रडायला लागलं. सासूबाई एकदा पडद्याकडे, एकदा लेकीकडे बघत होत्या. दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती, टाचेला टाच लावल्यासारखी. जावयाला वाटलं, आता त्या म्हणणार, "बरं, राहू दे." ते शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेले त्याला दिसले.

"थांबा," त्या म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण दोघंही गप्प झाले.

"इथं नाही थांबायचं मला. तिथंही नाही. मधे थांबायचंय. माझ्या घरी."

"मधे?" धाकटा म्हणाला. "पण आई, थेट विमान आहे ना आता."

"विमानाला जाऊ दे थेट. मी उतरून जाईन."

"अगं, पण किती दिवस?"

"ते पोचल्यावर कळेल."

"म्हणजे काय? असं कसं? इकडे मुलं..."

"येईन रे. तुझ्याकडेच येणार आहे. पण पोचून येईन. गेल्या दोन खेपा मी तुमच्याकडे आलेच नाही, नुसतं सामान आलं." त्या दमल्या होत्या. प्रत्येक शब्द जिन्यानं वर आणल्यासारखा येत होता. "आणि घर द्यायचं नाही. पाणी गढूळ झालं असेल, तेवढं सोडते जाऊन."

कुणाला पटलं असं नाही. सून गप्प झाली, ती गप्प राहिलीच. धाकटा "बघतो तिकिटाचं" म्हणाला आणि फोन ठेवताना "काळजी घे" म्हणायचं विसरला. लेक त्या संध्याकाळी जरा जास्तच जोरात भांडी लावत होती.

"मला सांगितलं नाही तिनं. तुम्हाला सांगितलं," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी आई, आणि वकील तुम्ही."

"मला नाही सांगितलं. मोज्यांनी सांगितलं," तो म्हणाला आणि कपाटाचा खण ओढून तिच्यापुढे ठेवला.

तिनं एक गोळी उलगडली. मग दुसरी. मग ती जमिनीवर बसून सगळ्या उलगडत गेली, आणि शेवटी तिच्याभोवती एकेकटे मोजे पसरले होते. ती रडली नाही. काउंटरमागे उभं राहणाऱ्या माणसाला रडणं मागं ठेवायची सवय असते. तिनं फक्त एवढंच विचारलं, "ती म्हणायची ना, मी मागाहून येते. ते खरं होतं का हो?"

जावई तिच्याजवळ बसून जोड्या लावायला लागला. दोघांनाही ते धड जमत नव्हतं.

धाकट्यानं मधल्या शहरापर्यंतचं तिकीट पाठवलं होतं. निघायचा दिवस ढगाळ होता. लेकीला दुकानातून सुट्टी मिळाली नाही, की तिनं मागितली नाही, हे जावयानं विचारलं नाही. पण सकाळी तिनं आईचे पाय मांडीवर घेऊन मोजे स्वतःच्या हातानं चढवले होते, टाच जुळवून, कडा दुमडून.

गाडीत सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "धाकटा रागावलाय."

"उतरेल राग."

"त्याच्या बायकोचे हाल होतील."

"होतील थोडे."

"तुम्ही गोड बोलायला कधी शिकणार, जावईबापू?"

"बस चालवायची सोडली की."

त्या हसल्या. थकलेलं हसू होतं, पण आपल्या जागेवरून आलेलं.

विमानतळासमोर गाड्यांची रांग लागली होती. खांबावर मोठी पाटी होती, इथं थांबू नये. जावयानं बॅग उतरवली. ती दर खेपेपेक्षा हलकी होती. चाकाची खुर्ची घेऊन एक कर्मचारी पुढे आला, तर सासूबाईंनी हातानंच नको म्हटलं. मग त्यांनी चष्म्याचं घर काढलं, उघडलं, किल्ली घेऊन मुठीत धरली आणि रिकामं वाजणारं घर पर्समध्ये टाकलं.

"पोचलात की सांगा," जावई म्हणाला. सवयीनं म्हणून गेला.

"सांगेन," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी पुढचं वाक्य जोडलं नाही.

आणि त्या निघाल्या. बॅगेची चाकं फरशीच्या खाचांवर खडखडत होती. त्या सावकाश चालत होत्या, मधेच बाजूला होऊन घाईच्या लोकांना वाट देत होत्या. साडीच्या काठाखाली टाच उचलली जायची तेव्हा मोजे दिसायचे, दोन्ही एकाच जोडीचे. जावयानं मुद्दाम बघितलं.

"ओ, गाडी काढा, इथं थांबायचं नाही," पहारेकरी काचेवर टकटक करून म्हणाला.

"निघालोच," जावई म्हणाला, आणि निघाला नाही. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजत राहिले. त्यानं हात स्टिअरिंगवर ठेवला आणि काचेच्या दारापलीकडे ती करडी वेणी गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच बघत बसला.